सावकाशसरांचा उजवा पाय

गाडी चालवायच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. वय एक्कावन्न, शाळेच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं नोकरी, आणि राग कायम नाकावर. अशा बाईला नापास होणं किती झोंबतं ते सांगायला नको. पहिल्या वेळी मी रस्त्याला दोष दिला. दुसऱ्या वेळी तीही सोय राहिली नाही, कारण परीक्षकांनी मला तोंडावरच विचारलं.

"बाई, सिग्नल लाल झालेला दिसला होता का?"

"दिसला की."

"मग ब्रेक का नाही दाबलात?"

"दाबला की!"

"दाबलात. पांढऱ्या पट्ट्या ओलांडून गेल्यावर. तोवर कुणाची वाट बघत होतात?"

खरं सांगायचं तर मी गाडीचीच वाट बघत होते. शिकवणीच्या गाडीत मी ब्रेकवर पाय ठेवायचा अवकाश, की गाडी आपली अलगद थांबायची. दीड महिना मी समजत होते की माझ्या पायातच काहीतरी कसब आहे. सर तसं म्हणायचेही, "ताई, तुमचा ब्रेक फार मऊ आहे हो." घरी येऊन मी हे नवऱ्याला तीनदा ऐकवलं होतं. नापास होऊन आले तेव्हा त्याने त्यातलं काहीही उकरून काढलं नाही, नुसता रेडिओचा आवाज थोडा वाढवला. म्हणून तर आमचा संसार टिकून आहे.

हे सर म्हणजे सावकाशसर. गाडी शिकवायच्या शाळेत त्यांची बावीस वर्षं झालेली. खरं नाव भिंतीवरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. नवा माणूस गाडीत बसून पट्टा लावतो न लावतो तोच सर म्हणणार, "सावकाश." गाडी बंद असली तरी म्हणणार. उंच, जरासे वाकलेले, डोक्यावर मोजके केस पण तेही शिस्तीत विंचरलेले. खिशाला दोन पेनं, एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. डिकीत दोन स्टेपन्या, त्याच कारणासाठी. परीक्षेला अर्धा तास आधी या असं शाळा सांगायची, तर सर दीड तास आधी नेऊन बसवायचे, आणि तो दीड तास माणूस परीक्षेपेक्षा सरांच्या येरझाऱ्यांनीच दमून जायचा. चालताना उजव्या पायाने किंचित लंगडायचे. एकदा विचारलं तर म्हणाले, "पोटरी धरते. वय झालं." वय अठ्ठेचाळीस! मी त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी आणि माझ्या पोटऱ्या ठणठणीत.

पण माणूस मोठा गोड. माझ्या आधी त्यांच्याकडे एक दंतवैद्य शिकायला यायचा. त्याने एकाच चढावर अकरा वेळा गाडी बंद पाडली, आणि अकराही वेळा सर म्हणाले, "आता आलं बघा जवळ." मी त्यांच्या जागी असते तर त्या दंतवैद्याचे दात त्याच्याच हातात दिले असते. सरांचा आवाज कधी चढायचा नाही. शिकणारा घाबरला की "घाबरायचं कशाला, मी आहे ना" एवढंच म्हणायचे, आणि त्याला खरंच धीर यायचा.

नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीच्या शाळेत भांडायला गेले. वाटेत वाक्यं जुळवली होती, चांगली धारदार. पोहोचले तर तिथे आधीच काहीतरी पेटलेलं. शाळेच्या मालकीणबाई टेबलामागे उभ्या, सर खाली मान घालून खुर्चीत, आणि गॅरेजचा मेकॅनिक हातात दोन रबरं घेऊन मधे उभा.

शिकवणीच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, आणि एक शेजारी बसणाऱ्या शिक्षकाच्या पायाशी, वेळप्रसंगासाठी. दोन्हींवर रबराची टोपी असते. मेकॅनिकने दोन्ही टोप्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. शिकणाऱ्याच्या बाजूची नवीकोरी, तिच्यावरच्या रेघासुद्धा जशाच्या तशा. सरांच्या बाजूची झिजून गुळगुळीत, मधोमध भोक.

"माझ्या उभ्या आयुष्यात असं बघितलं नाही," मेकॅनिक म्हणाला. "बाई, ही गाडी सरच थांबवतायत. बाकीचे नुसते बसून येतात."

"तरीच," मालकीणबाई म्हणाल्या. "या महिन्यात सात जण नापास. सातही जण एकाच कारणाने. ब्रेकला उशीर."

"आठ," मी दारातून म्हणाले. "मी काल झाले."

सरांनी वर बघितलं. माझी धारदार वाक्यं जिभेच्या टोकावर होती, पण त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मी मुकाट्याने स्टूल ओढून बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगते, कारण त्यांना सांगायला पाऊण तास लागला.

दोन वर्षांपूर्वीची साधी सकाळ. साधा सिग्नल, गाडी उभी. शेजारी कुणीतरी शिकत होतं. आणि एकाएकी सरांची छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, घसा कोरडा, श्वास पुरेना. वाटलं, आटोपला कारभार. दवाखान्यात नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे. तुम्हाला चिंतेचा झटका आला. शरीराची धोक्याची घंटा आहे ही. आग नसताना वाजली, पण वाजली खरीच, तुम्ही सोंग करत नव्हता. यावर चांगले उपाय आहेत." आणि एका समुपदेशक बाईंचं कार्ड दिलं. सरांनी ते पाकिटात ठेवलं ते ठेवलंच.

"हृदयाचं काही निघालं असतं तर चारचौघांत सांगितलं असतं," सर म्हणाले. "चिंता झालीय म्हणून काय सांगणार? बावीस वर्षं लोकांना घाबरू नका म्हणतोय."

मग गाडीने जरा वेग घेतला की त्यांच्या पोटात गोळा यायला लागला. ब्रेकवर नुसता पाय ठेवला की बरं वाटायचं. म्हणून पाय ठेवायला लागले. मग ठेवून भागेना, म्हणून दाबायला लागले. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून हळूच, आणि त्यासाठी मऊ तळव्यांचे बूटसुद्धा घेतले. दिवसभर ताणून ताणून पोटरी सुजायची. घरी वहिनी रोज संध्याकाळी त्या पोटरीला तेल चोळायच्या. बिचारी बाई दोन वर्षं भलत्याच दुखण्यावर तेल घालत होती.

माझ्या रागाला कुठेतरी वाट हवीच होती. "आणि मला म्हणालात मऊ ब्रेक आहे!" मी म्हणाले.

"मऊच होता," सर म्हणाले. "फक्त तुमचा नव्हता. माफ करा, ताई."

मेकॅनिक खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन हसला. मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत. "सर, मी तुम्हाला काढत नाहीये. पण असंच चालू ठेवलं तर इथून शिकून गेलेला माणूस भर रस्त्यात ब्रेकच दाबणार नाही. लोकांच्या जिवाची गोष्ट आहे. या ताईंची परीक्षा महिन्याने आहे. तुमच्या हाताखाली शिकून त्या पास झाल्या, तर गाडी तुमची. नाहीतर तुम्ही आत बसून फॉर्म भरायचे."

फॉर्म भरणं काही वाईट काम नाही. पण सरांचं तोंड उतरलं. "मला गाडीतच बरं वाटतं हो," ते म्हणाले. ज्या गाडीत रोज जीव मुठीत धरून बसायचं तिच्याबद्दल हे असं बोलणं म्हणजे विनोदच होता. पण हसावंसं कुणालाच वाटलं नाही.

या सगळ्यात मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी साफ नाही म्हटलं असतं. विचारलं नाही याचाच मला राग आला, आणि रागाच्या भरात मी म्हणून बसले, "उद्या सकाळी सातला येते. आणि सर, ते कार्ड आधी पाकिटातून बाहेर काढा."

त्यांनी कार्ड काढलं, पण त्याआधी त्यांना घरी सांगावं लागलं. वहिनी एक दिवस फुगून होत्या. चिंतेमुळे नव्हे, तेलामुळे. मग म्हणाल्या, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तर मग मला सांगायचं होतंत. दोघांनी मिळून हाकलला असता." आणि समुपदेशक बाईंकडे स्वतः घेऊन गेल्या.

तिथे काय झालं ते मला हप्त्याहप्त्याने गाडीत कळायचं. बाईंच्या पहिल्याच म्हणण्याने सर चक्रावून गेले होते. "त्या म्हणाल्या, तुम्ही दर वेळी ब्रेक दाबता, अपघात होत नाही, आणि तुमचं मन म्हणतं, बघ, दाबला म्हणून वाचलो. न दाबताही वाचला असतात, हे त्याला कळायला तुम्ही संधीच दिली नाहीत. भीती चढते तशी आपसूक उतरते, म्हणाल्या. फक्त ती उतरेपर्यंत पळायचं नाही."

मग त्यांनी पायऱ्या ठरवून दिल्या. आधी मोकळं मैदान, मग कॉलनीतल्या गल्ल्या, मग बाजाररस्ता, सगळ्यात शेवटी उड्डाणपूल. सरांचा पाय ब्रेकवर नाही, ब्रेकशेजारच्या चटईवर सपाट. खरंच कुणी आडवं आलं तर आधी तोंडाने "ब्रेक" म्हणायचं, तरीही गाडी थांबत नसेल तरच पाय. आणि भीती वाटली की ती लपवायची नाही. शून्य ते दहामध्ये किती आहे ते मोठ्याने सांगायचं.

हे ऐकायला छान वाटतं. शेजारी बसलेला माणूस आकडे ओरडत असताना गाडी चालवून बघा म्हणजे कळेल.

"पाच," सर म्हणायचे. "सहा. ठीक आहे, ताई, सहा."

"मला गिअर कुठला टाकू ते सांगा!"

"तिसरा. साडेसहा."

पहिल्या दिवशी मैदानात त्यांनी मला पाण्याच्या टाकीपाशी थांबायला सांगितलं. मी सवयीने पाय हलकेच टेकवला. गाडी काही थांबेना! टाकी जवळ आली, सर "ब्रेक" म्हणाले, आणि मी असा काही पाय दाबला की आम्ही दोघं पट्ट्यात लटकलो आणि सरांच्या खिशातलं दुसरं पेन उडून डॅशबोर्डवर पडलं.

"ब्रेक असा असतो होय?" मी म्हणाले.

"असा असतो," सर म्हणाले. ते पांढरेफटक पडले होते, पण पाय चटईवरच होता. "आठ. नाही, सात. सहा झाला बघा." आणि एखाद्याला बक्षीस लागावं तसे हसले.

गंमत म्हणजे त्या दिवसापासून मला धडकी भरायला लागली. इतके दिवस गाडी थांबवणारं कुणीतरी होतं. आता माझं मीच. म्हणजे एका गाडीत दोन भित्रे, आणि त्यातला शहाणा कोण याचा पत्ता नाही.

समुपदेशक बाईंनी त्यांना एक वहीही करायला लावली होती. दिवसभर जी काळजी येईल तिला सांगायचं, "साडेपाचला ये." मग साडेपाच ते पावणेसहा शाळेच्या पायरीवर बसून सगळ्या काळज्या लिहून काढायच्या, आणि पावणेसहाला वही बंद. सर म्हणायचे, निम्म्या काळज्या वेळेवर येतच नाहीत. एकदा त्यांनी मला वही दाखवली. 'गॅस बंद केला का.' 'मुलगी गावाला पोहोचली का.' 'पूल.' आणि चौथ्या ओळीवर 'ग्रंथालयातल्या ताई चिडतील.' पुढे वेगळ्या शाईत शेरा होता, 'चिडल्या. काही झालं नाही.' मी याच्यावरही चिडले, तर त्यांनी खाली आणखी एक बरोबरची खूण केली.

सरांचा चहा दिवसाला सात कपांवरून दोनवर आला. सकाळी वहिनींबरोबर तासभर चालणं सुरू झालं. लंगडणं कमी झालं. झोप लागायला लागली म्हणाले. दोन आठवड्यांत आम्ही गल्ल्या पार केल्या, आणि सरांचे आकडे चारच्या वर जाईनासे झाले. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या आठवड्यात बाजाररस्त्यावर एक टेम्पो मागे न बघता मागे आला. मी बघितला होता, पाय ब्रेकवर नेलाही होता, पण गाडी त्याआधीच थांबली. आता मला माझा ब्रेक ओळखता येत होता. हा माझा नव्हता.

मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि तोंड उघडलं. पण सरांकडे बघितलं आणि ते मिटलं. त्यांनी पट्टा सोडला होता आणि हात दाराच्या कडीवर होता. "नाही जमायचं, ताई," ते म्हणाले. "तीन आठवडे फुकट गेले. मी फॉर्मच भरतो. तुम्ही दुसऱ्या सरांकडे शिका, पास व्हाल."

मला धीर देता येत नाही. ग्रंथालयात त्याची गरजही पडत नाही. म्हणून मी खरं ते बोलून टाकलं. नवऱ्याची नजर अधू होत चालली आहे. डॉक्टरांनी त्याची गाडी बंद केली. आयुष्यभर तो चालवत आला आणि मी शेजारी बसून सूचना देत आले. आता मला शिकणं भाग आहे. रोज सकाळी किल्ली हातात घेतली की मी घाबरते, ते परीक्षेमुळे नाही. उद्या त्याला काहीच दिसेनासं झालं तर, यामुळे. "मन चिंती ते वैरी न चिंती," मी म्हणाले. "हे मी त्यालासुद्धा बोलले नाहीये."

सरांनी पट्टा पुन्हा लावला. मग त्यांच्या रोजच्या, कधी न चढणाऱ्या आवाजात म्हणाले, "दहापैकी किती?"

"नऊ," मी म्हणाले.

"मग आधी श्वास सोडा. घ्यायची घाई नाही, तो आपोआप येतो. सोडताना लांब सोडा. माझ्याबरोबर."

भर बाजारात, बंद गाडीत, दोन प्रौढ माणसं गाल फुगवून फू फू करत बसली होती. एक भाजीवाली काचेवर टकटक करून विचारून गेली, "गाडी बिघडली का हो?"

"गाडी ठीक आहे," सर म्हणाले. "आम्ही बिघडलोय. होतोय दुरुस्त." आणि आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसणं ओसरल्यावर सर म्हणाले, "बाई म्हणाल्या होत्या, एखाद्या वेळी पाय घसरेल, त्याने आधीचं पुसलं जात नाही. चला, पुन्हा याच रस्त्याने." त्या रस्त्याने आम्ही त्या दिवशी चार वेळा गेलो. त्या संध्याकाळी मी घरी नवऱ्यालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मलाही तीच भीती वाटते, तू चिडशील म्हणून बोललो नाही." घरोघरी माझी ख्याती ही अशी आहे.

चौथ्या आठवड्यात उड्डाणपूलही झाला, आणि सरांचा पाय चटईवरच राहिला. परीक्षेच्या दिवशी सरांनी मला अर्धाच तास आधी नेलं. परीक्षक तेच. सर खाली उतरले आणि त्यांच्या जागी परीक्षक बसले. मला काय काय करायला लावलं ते आता नीट आठवतही नाही. चढावर गाडी मागे सरकली नाही, आणि लाल सिग्नलला मी पांढऱ्या पट्ट्यांच्या हातभर अलीकडे थांबले, एवढं आठवतं. परीक्षकांनी कागदावर शिक्का मारला आणि म्हणाले, "आज कुणाची वाट नाही बघितलीत."

मी कागद घेऊन जवळजवळ पळतच निघाले. सर भिंतीलगतच्या बाकावर बसले होते. शेजारी एक दांडगा गृहस्थ, बाह्यांवर पीठ, बेकरीतून तसाच उठून आलेला. घामाघूम झालेला, एक हात छातीवर. पुढचा नंबर त्याचाच असावा.

"सर!" मी ओरडले.

सरांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. "दोन मिनिटं, ताई. यांचं होऊ द्या."

आणि त्या माणसाला सांगायला लागले, चांगलं खणखणीत, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दवाखान्यात दाखवलंत ना? हृदय बरं आहे म्हणाले ना? मग ही चिंता आहे. मलाही होते. दोन वर्षं लपवली, काही उपयोग झाला नाही. काल सकाळीसुद्धा आली होती. येते आणि जाते. आता श्वास सोडा. लांब. अजून. घाई नाही."

माझ्या हातातल्या कागदावर त्यांची गाडीतली जागा ठरणार होती. मी पास की नापास हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि त्यांनी मला थांबवलं होतं. मला आधी रागच आला, सवयच तशी. मग डोळे भरून आले आणि मी तिथेच उन्हात उभ्याउभ्या पदराने नाक पुसत राहिले.

बेकरीवाल्याचे खांदे हळूहळू खाली आले. त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, सरांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि गेला.

मग सरांनी कागद घेतला. वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. चष्मा काढून पुसला. "मालकीणबाईंना आपण दोघांनीच जाऊन दाखवू," ते म्हणाले. "गाडी तुम्ही काढा."

मी बसले, पट्टा लावला, आरसे बघितले, आणि शेजारचं दार उघडण्याची वाट बघत राहिले. दार उघडलं ते मागचं. सर मागच्या सीटवर बसले, जिथे पायाशी कुठलाच ब्रेक नसतो, आणि खिडकीची काच खाली करून बाहेर बघायला लागले.